आधी वसतिगृह, मग कॉलेज : नागसेनवनाची गोष्ट

दरवर्षी १४ जानेवारीला आपल्या शहरात काय गर्दी होते ते वेगळं सांगायला नको. विद्यापीठ गेटला माणसं येतात, डोकं टेकवतात, पुस्तकांच्या स्टॉलवर वाकतात, लेकरांना खांद्यावर घेऊन फोटो काढतात. रात्रभर चालत आलेलेही असतात. त्या गर्दीतला प्रत्येक जण गेटकडे जाता-येता नागसेनवनावरून जातो. झाडं दिसतात, जुन्या दगडी इमारती दिसतात, कमानीवरची नावं दिसतात. थांबतात मात्र थोडेच.

माझं म्हणणं असं आहे की गेटचा इतिहास १९७८ पासून सांगितला जातो, १९९४ ला संपवला जातो आणि त्याच्या बुडाशी असलेला नागसेनवनाचा इतिहास त्यात राहून जातो. विद्यापीठ १९५८ चं. मिलिंद १९५० चं. म्हणजे विद्यापीठ यायच्या आठ वर्षं आधी इथं कॉलेज होतं. आणि त्या कॉलेजच्याही पंचवीस वर्षं आधीपासून बाबासाहेब एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागले होते. ती गोष्ट म्हणजे वसतिगृह. पोरगं शिकायला शहरात आलं, तर रात्री झोपणार कुठं आणि जेवणार कुठं?

प्रश्न साधा वाटतो. पण ज्यांच्यासाठी विचारला होता त्यांच्यासाठी सगळं शिक्षण तिथंच अडत होतं.

बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात असताना ते काही काळ लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थी वसतिगृहात राहिले. खोलीत जोडीदार नवल भथेना, एक पारशी तरुण. ही मैत्री आयुष्यभर टिकली. तिथं त्यांना कुणी जात विचारली नाही. मग १९१७ साली परदेशातलं शिक्षण अर्धवट टाकून, बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरीसाठी ते बडोद्याला आले. राज्याचा अधिकारी माणूस, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. हिंदू मित्राकडे विचारलं, ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, कुठेच जमलं नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे सगळं त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींत. ती पुस्तिका त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९९० साली ती काढली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने. म्हणजे नागसेनवन ज्या संस्थेचं आहे त्याच संस्थेने.

एका शहरात वसतिगृहाची खोली, दुसऱ्या शहरात बागेतलं बाकडं. माणूस तोच.

म्हणून १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा पहिल्या ठोस कामांपैकी एक काय होतं बघा. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह. शाळा काढली नाही, कॉलेज तर दूरच. शाळा सरकारी, नगरपालिकेच्या होत्याच, निदान कागदावर सगळ्यांसाठी खुल्या होत्या. अडचण होती खेड्यातून आलेल्या पोराच्या मुक्कामाची. पुढे १९२८ मध्ये दलितवर्ग शिक्षण संस्था काढली, तिच्याकडेही काम आलं ते वसतिगृहांचंच. मुंबई सरकारने मंजूर केलेल्या पाच वसतिगृहांची जबाबदारी या संस्थेने घेतली.

इथं जरा आडवळण घेतो, कारण हे एकट्या बाबासाहेबांचं नाही. महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास खरं तर बोर्डिंगांचा इतिहास आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली, १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं. रयतचं साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी कॉलेज आलं १९४७ ला. मध्ये किती वर्षं गेली मोजा. तेवीस. आधी पोरांना एका छपराखाली आणायचं, जेवू घालायचं, अभ्यासाला बसवायचं, आणि मॅट्रिक झालेली पोरं पुरेशी झाली की मग कॉलेज. पुण्या-मुंबईची जुनी कॉलेजं अशी नाही निघाली. तिथं शिकणाऱ्या पोराला राहायला नातेवाईकाचा वाडा होता, निदान वारावर जेवायला घरं होती. वार लावून जेवणं हे गरिबीचं लक्षण म्हणून आपण वाचतो. पण वार लावायलाही जात लागत होती, हे त्या आठवणींत कुणी लिहीत नाही.

असो. बाबासाहेबांच्या बाबतीत सोलापूरच्या वसतिगृहापासून पहिल्या कॉलेजपर्यंत एकवीस वर्षं गेली. मधल्या काळात एक महत्त्वाचं काम झालं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ पासून केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद. आजची जी पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, जिच्यासाठी पोरं जातीचे दाखले घेऊन सेतू केंद्राबाहेर उभी असतात, तिची सुरुवात ही.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कुठं? महायुद्धासाठी उभारलेल्या लष्करी बराकींत. युद्ध संपलं होतं, बराकी रिकाम्या झाल्या होत्या. कॉलेज सकाळच्या वेळात भरे, म्हणजे तास करून पोरगं नोकरीवर जाऊ शके. मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, कारकुनीत असलेल्या मुलांसाठी ही सोय किती मोलाची होती हे आजही नोकरी करून शिकणाऱ्याला सांगावं लागणार नाही. नंतर फोर्टात इमारती झाल्या, त्यांना नावं दिली बुद्ध भवन आणि आनंद भवन. दारं सगळ्या जातींना उघडी होती. शिकवणारेही सगळ्या जातींचे होते. फक्त दलितांचं कॉलेज असं त्याचं स्वरूप कधी नव्हतंच, मिलिंदचंही नव्हतं. हा गैरसमज अजून टिकून आहे म्हणून सांगितलं.

आता मुंबई सोडून औरंगाबादच का? (शहराचं तेव्हाचं नाव वापरतोय, वाद नको.)

मराठवाडा म्हणजे तेव्हाचे पाच जिल्हे : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. सगळे निजामाच्या राज्यात. विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. १९१८ चं, आणि शिकवण्याची भाषा उर्दू. औरंगाबादला १९२३ पासून एक इंटरमीजिएट कॉलेज होतं, आपलं आताचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. त्याचं नावही मोठं होतं. ज्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात ते मौलवी अब्दुल हक तिथं प्राचार्य होते. पण ज्या पोराच्या घरी मराठी, गावात मराठी, त्याला इंटरनंतर पदवी घ्यायची तर हैदराबादला जा, नाहीतर हद्द ओलांडून पुण्याला, नागपूरला, मुंबईला जा. पैसेवाल्यांचे काही गेले. बाकीच्यांचा विषयच मिटला. त्यात महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं पोर म्हणजे प्राथमिक शाळेपर्यंत पोचलं तरी नवल.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. आणि लगेच दोन वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन कॉलेजं निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज, आणि औरंगाबादला जून महिन्यात बाबासाहेबांच्या सोसायटीचं कॉलेज. मुक्तिसंग्रामाचा नेता आणि देशाचा कायदामंत्री, दोघांनाही मराठवाड्यात आल्या आल्या पहिलं काम तेच दिसलं.

बाबासाहेबांना मात्र हा मुलूख आधीपासून ठाऊक होता, आणि ओळख गोड नव्हती. १९३४ साली तीसेक जणांबरोबर ते वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबाद. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद, प्रवासाने धुळीने माखलेले लोक, त्यांनी हात-तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव जमला. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? यांच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही का? उत्तर कुणी दिलं नाही. अखेर किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारबंद शिपाई. कशासाठी? तर आत कुणी पाण्याला हात लावू नये म्हणून. हीसुद्धा त्याच पुस्तिकेतली हकिगत.

दौलताबादचा किल्ला नागसेनवनापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. त्या हौदानंतर सोळा वर्षांनी त्याच माणसाने इथं कॉलेज काढलं. सूड म्हणून काढलं असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण जागा निवडताना माणसाच्या मनात अशा गोष्टी नसतातच असंही नाही.

१ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तारीख जरा नीट बघा. हिंदू कोड बिलावरून दिल्लीत रण पेटलं होतं. राष्ट्रपतींचा त्या बिलाला असलेला विरोध लपून राहिलेला नव्हता. आणि त्यांनाच कोनशिलेला बोलावणारे कायदामंत्री पुढच्या चार आठवड्यांत, २७ सप्टेंबरला, राजीनामा देऊन मोकळे झाले. दिल्लीत भांडण, औरंगाबादेत शेजारी उभं राहून कॉलेजची कोनशिला. आपल्या आजच्या पुढाऱ्यांना हे समजावून सांगायला गेलं तर वेळ जाईल, सोडा.

कॉलेज सुरुवातीला सोसायटीच्याच नावाने ओळखलं जाई. मिलिंद हे नाव पुढे मिळालं. आपण 'मिलिंद' म्हणून मुलांची नावं ठेवतो, पण हा मिलिंद कोण? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट असं मानतात. वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणारा. त्याला भेटले भिक्खू नागसेन. राजाने प्रश्न विचारायचे, भिक्खूने उत्तरं द्यायची, अशी ती प्रश्नोत्तरं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. राजाला उत्तरं पटली आणि त्याने तसं कबूल केलं. म्हणून कॉलेजला नाव राजाचं आणि परिसराला नाव नागसेनाचं : नागसेनवन. विद्यार्थी तो मिलिंद. प्रश्न विचारणारा, पण पटलं तर मान्य करणारा. आणि ज्या आवारात तो राहतो ते त्याच्या गुरूचं. एवढा विचार करून दिलेलं नाव महाराष्ट्रात दुसऱ्या कॉलेजला क्वचितच असेल. बहुतेक ठिकाणी देणगी किती त्यावर नाव ठरतं.

आणि 'वन' हा शब्दही उगाच नाही. वेळुवन, जेतवन, बुद्धाच्या काळातले विहार असे वनांतच होते. तिथं भिक्खू नुसतं प्रवचन ऐकून घरी जात नसत, पावसाळाभर एकत्र राहत. नागसेनवनाच्या मागे औरंगाबाद लेणी आहेत. तिथं चढून गेलात तर दगडात कोरलेल्या निजायच्या खोल्या दिसतील. राहण्याची जागा आणि शिकण्याची जागा वेगळी न ठेवणारी ही जुनी पद्धत. डोंगरावर लेणी, पायथ्याला वसतिगृह. हे बाबासाहेबांच्या मनात होतं का, याचा पुरावा मागाल तर माझ्याकडे फक्त त्यांनी ठेवलेली नावं आहेत. मला तेवढी पुरतात.

सुरुवातीच्या वर्षांत प्राचार्य होते म. भि. चिटणीस. जातीने दलित नव्हते, बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी. त्यांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं, ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केलं. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी, १९५६ साली, तिथंही त्याचा प्रयोग झाला. आता हे नाटक बसलं कसं असेल? तालमी कॉलेज सुटल्यावर होणार. ज्या पोराला पाच वाजता गावाकडे जाणारी गाडी पकडायची त्याच्याकडून तालीम होत नसते. पोरं आवारात राहणारी होती म्हणून तालीम झाली.

हा माझा मुद्दा आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. मग स्वतंत्र विद्यापीठाची मागणी, पळणिटकर समिती, आणि २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी. विद्यापीठाचा परिसर उभा राहिला तो नागसेनवनाच्या शेजारीच, लेण्यांच्या पायथ्याला. शेजारी कोण आधी आलं हे लक्षात ठेवा म्हणजे झालं.

नागसेनवन वाढत गेलं. मिलिंदची कला आणि विज्ञान अशी दोन वेगळी महाविद्यालयं झाली. डॉ. आंबेडकर कला व वाणिज्य महाविद्यालय आलं, विधी महाविद्यालय आलं, हायस्कूल, शारीरिक शिक्षण, पुढे इंजिनिअरिंग. सोसायटीचं काम इतरत्रही पसरलं. जिथं पाण्यासाठी सत्याग्रह झाला त्या महाडलाही कॉलेज झालं. पण इमारतींची यादी देणं हा माझा उद्देश नाही. ती संस्थेच्या फलकावर आहेच.

मला सांगायचंय ते साठच्या दशकाच्या शेवटाबद्दल. तोपर्यंत खेड्यांतून आलेल्या पोरांची एक पूर्ण पिढी नागसेनवनात राहून गेली होती. परभणीचं, बीडचं, बुलढाण्याचं, विदर्भातलं पोरगं, एकाच आवारात, एकाच मेसला. घरून आणलेली ट्रंक, वळकटी, शिष्यवृत्ती येईपर्यंत उधारी. ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे इथं होते, त्यांनी तिकडच्या काळ्या लेखकांचं साहित्य काय असतं ते इथल्या पोरांपुढे ठेवलं. मराठी शिकवणारे गंगाधर पानतावणे होते. आणि १९६७ च्या सुमारास या आवारात 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं, तेच पुढे 'अस्मितादर्श'. दलित साहित्य म्हणून ज्याला आज जगभर अभ्यासक्रमात जागा आहे, त्यातले कितीतरी लेखक पहिल्यांदा छापले गेले ते अस्मितादर्शमध्ये. पानतावणे सरांनी ते पन्नास वर्षं चालवलं. २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सर गेले.

पुण्याचं प्रकाशनविश्व, मुंबईची मासिकं, सगळी सोय तिकडं होती. तरी दलित साहित्याचं हक्काचं नियतकालिक निघालं औरंगाबादच्या माळावरच्या एका कॉलेजात. हे कसं झालं याचं उत्तर 'प्रतिभा' असं देऊन भागत नाही. प्रतिभा गावागावांत होती. रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीतल्या पोराला उठवून 'हे लिहिलंय, ऐक' म्हणता येणं, ही गोष्ट गावात नव्हती. ती इथं होती.

मुंबईचंही तसंच. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार, हे याच सोसायटीचं वसतिगृह. दलित पँथर १९७२ ची. राजा ढाले, ज. वि. पवार, नामदेव ढसाळ, रामदास आठवले या नावांचा आणि सिद्धार्थ विहारच्या खोल्यांचा संबंध चळवळीत सगळ्यांना माहीत आहे. कुणी राहायला, कुणी नुसतं गप्पा मारायला. कॉलेजच्या वर्गात पँथर निघाली नाही.

आणि मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून परागंदा झाली. पोचिराम कांबळे हे नाव आपण विसरलेलो नाही. १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, पुढची पंधरा वर्षं, गौतम वाघमारे. या सगळ्यात मला एक गोष्ट नेहमी खुपते. विरोध करणारे विचारत होते, नावाने काय पोट भरणार आहे का? अरे बाबा, पोट भरायची सोय याच माणसाने इथं आधी करून ठेवली होती. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचं दार उघडणाऱ्यांत पहिल्या रांगेतला माणूस, त्याच्या कॉलेजच्या शेजारी विद्यापीठ, आणि त्याचं नाव द्यायला सोळा वर्षं. तेही पूर्ण नामांतर नाही, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ निघालं. १९५० साली ज्या दोघांनी कॉलेजं काढली त्यांची नावं अशी चव्वेचाळीस वर्षांनी, एकाच वर्षी, दोन विद्यापीठांना लागली.

आता आजच्यावर येतो, कारण ही पोस्ट लिहायला बसलो ते त्यासाठी.

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या शहरात कॉलेजं किती झाली याची मोजदाद सोडून द्या. विद्यार्थी वाढले, शाखा वाढल्या. पोरींचं प्रमाण वाढलं, ही सगळ्यात चांगली गोष्ट. वसतिगृहं त्या मानाने वाढली नाहीत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही अशा अनुसूचित जातीच्या मुलांसाठी सरकारने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. नावही बाबासाहेबांचंच. जागा देता येत नाही म्हणून पैसे. योजना चांगली आहे, माझा तिला विरोध नाही, तिच्यावर शेकडो पोरं शिकली. पण हिशोब बघा. आपल्यासारख्या विभागाच्या ठिकाणी योजनेत ठरलेली रक्कम वर्षाला ५१,००० रुपये. त्यात जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि इतर खर्चाचे ८,०००. राहण्याचे पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये. या शहरात साडेबाराशेत खोली दाखवा मला. चार पोरं मिळून एक खोली घ्यायची म्हटलं तरी डिपॉझिट वेगळं, लाइट बिल वेगळं. आणि हा पैसा वर्षाच्या सुरुवातीला हातात पडतो का, ते ज्यांनी अर्ज भरलाय त्यांनाच विचारा.

बरं, पैसा पुरेसा दिला आणि वेळेवर दिला, तरी दुसरा प्रश्न उरतो, आणि तो मला जास्त मोठा वाटतो. भाड्याची खोली शोधताना घरमालक आडनाव विचारतो. 'नॉनव्हेज करता का' असं विचारतो, म्हणजे काय विचारतो ते आपल्याला कळतं. बडोद्याच्या धर्मशाळेत काठ्या घेऊन आले होते, आता फोनवर 'रूम दुसऱ्याला दिली' म्हणतात. वसतिगृहाने हा प्रश्न विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. नागसेनवनात प्रवेश घेतलेल्या पोराला आडनाव सांगून खोली मागावी लागत नव्हती.

शिवाय खोलीत एकटं पडलेलं पोर मोबाईलवर नोट्स वाचतं, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातं, परत येतं. मेहनत काही कमी करत नाही, आमच्यापेक्षा जास्तच करतं. पण शेजारच्या खोलीत कोण राहतं हे त्याला माहीत नसतं. ग्रंथालयं बंद व्हायच्या वेळा, मेसची लांबलेली पंगत, गॅदरिंगच्या तालमी, भिंतीपत्रक, निवडणुकीची भांडणं, हे सगळं ५१,००० च्या कुठल्या खात्यात टाकायचं?

मी स्वतः वसतिगृहाला सोन्याची लंका समजत नाही. ढेकूण होते, गळकी छतं होती, डाळीत डाळ शोधावी लागे. तिथल्या दादागिरीच्या गोष्टीही ऐकल्यात. जातीच्या आत जाती तिथंही होत्या. आणि मुलींना या सगळ्यात कितपत वाटा मिळाला हा वेगळा, जास्त अवघड प्रश्न आहे. त्यावर एखाद्या बाईनेच लिहावं, आणि लिहावंच.

पण सरकार आता नवीन कॉलेजला मान्यता देताना इमारत बघतं, वर्गखोल्या बघतं, प्रयोगशाळा बघतं. तालुक्याच्या गावातून येणारं पोर रात्री कुठं राहणार, हे त्या यादीत पहिल्या ओळीत का नाही? सोलापूरला १९२५ साली ते पहिल्या ओळीत होतं. त्याला परवा शंभर वर्षं झाली. कुठं मोठा कार्यक्रम झाल्याचं माझ्या तरी वाचण्यात आलं नाही.

पुढच्या १४ जानेवारीला गेटवर जाल तेव्हा येताना अर्धा तास नागसेनवनात थांबा. पोरांना घेऊन जा. मिलिंदची दगडी इमारत दाखवा, राजाची गोष्ट सांगा.

आणि या पोस्टच्या निमित्ताने एक विनंती. ज्यांचे आईवडील, काका, मामा नागसेनवनात किंवा सिद्धार्थ विहारात राहिले असतील त्यांनी त्यांच्याशी एकदा निवांत बसून बोला. कुठल्या वर्षी आले, कुठल्या गावाहून, सोबत काय आणलं होतं, खोलीत अजून कोण होतं, मेसचं बिल किती होतं, पहिली शिष्यवृत्ती कुठल्या महिन्यात आली आणि तिचं काय घेतलं. लिहून काढा, चार ओळी का होईना. पन्नासच्या दशकात आलेली पोरं आता नव्वदीच्या आसपास आहेत.